सूट

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका अंध मुलीला आम्ही धर्मशिक्षणाच्या परीक्षेतून सूट दिली. नऊ वर्षांची मुलगी. आईचा हात धरून रविवारच्या वर्गाला नेमाने येणारी, प्रार्थना मुखोद्गत असलेली. "बाळा, तुला पेपर नको, तू नुसती ऐकत बस," असे आम्ही प्रेमाने सांगितले आणि दयेचे कृत्य केल्याच्या समाधानात राहिलो. निकालाच्या दिवशी यादी वाचली गेली. "फादर, मी नापास झाले का?" तिने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

दया आणि अन्याय एकाच कृतीत नांदू शकतात काय? संत मार्कच्या शुभवर्तमानातील बार्तीमय आम्हांला त्या रात्री आठवला. यरिहोच्या वाटेवर तो हाका मारू लागला, तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसवू पाहिले. ते लोक दुष्ट नसावेत; त्यांना केवळ शांतता हवी असावी. येशूने मात्र त्याला जवळ बोलावून त्याची इच्छा विचारली. आंधळ्याला काय हवे असणार, हे कुणीही सांगितले असते. तरीही प्रभूने विचारले. आम्ही विचारले नव्हते.

फ्रान्समधील कूव्रे या गावच्या एका धर्मगुरूची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लुई ब्रेलचा जन्म तेथे १८०९ साली झाला. वडील घोड्यांचा साज बनवीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच कारखान्यात हत्यार लागून मुलाचा एक डोळा गेला, मग संसर्गाने दुसराही. गावचे धर्मगुरू जाक पालुई यांनी त्याला स्वतः शिकविले आणि पुढे गावच्या साध्या शाळेत बसविले. (आम्हांला हे पालुई चरित्रनायकाहूनही जवळचे वाटतात!) मुलगा हुशार होता, कानांनी शिकत होता, पण इतरांची पुस्तके उघडली की त्याचे हात रिकामे. वर्गाचे दार उघडले होते, पुस्तकाचे नव्हते.

दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथील पुस्तकांत डोळसांचीच अक्षरे उठावदार करून छापलेली असत. बोटांनी ती वाचणे अतिशय संथ. वयाच्या पंधराव्या वर्षी ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ही लिपी अंधांना डोळसांपासून तोडील, असाही आक्षेप घेतला गेला. म्हणजे एकत्र आणण्याच्या नावाखालीच त्यांच्या हातचे अक्षर नाकारले गेले!

आज आपल्या देशात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यानुसार सहा ते अठरा वर्षांच्या अंध बालकाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते, आणि त्याला सोयीच्या माध्यमातून शिकविणे हे कर्तव्य ठरते. हल्ली मोबाईल सारे वाचून दाखवितो, मग ब्रेल कशाला, असे काही पालक विचारतात. मोबाईल उपयोगी आहेच. पण 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे ठिपके वेगळे आहेत. ज्याने शब्द केवळ ऐकला, त्याने तो लिहावा कसा?

या जूनमध्ये आम्ही त्या मुलीलाच विचारले, तुला काय हवे? "सगळ्यांचा असतो तोच पेपर," ती म्हणाली. तो ब्रेलमध्ये उतरवायचा, तर आधी कुणाला तरी ब्रेल यायला हवे. आमच्या धर्मशिक्षणाच्या एक बाई शिकू लागल्या आहेत. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते, म्हणजे कागद उलटल्यावर अक्षर सुलटे येते. बाईंचे अजून उलटसुलट होते. मुलगी बोट फिरवून चुका दाखविते. परीक्षा एप्रिलमध्ये आहे.