शिवणीतली माया

सामान्यकाळातील अठ्ठाविसावा रविवार



आजच्या शुभवर्तमानातील दाखला (मत्तय २२:१-१४) ऐकताना अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. राजाने आपल्या मुलाच्या लग्नाची मेजवानी मांडली. ज्यांना आमंत्रण होते ते आले नाहीत. कोणी शेतावर गेला, कोणी धंद्याला लागला. मग राजाने चाकरांना रस्त्यावर पाठवले आणि भेटेल त्याला, बरा-वाईट न पाहता, आत आणायला सांगितले. मंडप भरला. राजा पाहुण्यांना भेटायला आला तेव्हा एका माणसाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नव्हता. त्याला बाहेर काढण्यात आले. रस्त्यावरून बोलावून आणलेल्या माणसाकडे लग्नाचे कपडे कुठून असणार? हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या घरातल्या एका पोशाखाकडे पाहू या. आगमनकाळ दीड महिन्यावर आला आहे. नाताळ झाला की आपल्याकडे लग्नांचा हंगाम सुरू होतो. धर्मग्राम कार्यालयाच्या वहीत तारखा लागल्या आहेत, हॉल ठरले आहेत आणि कितीतरी घरांत नवरीच्या पांढऱ्या झग्याची बोलणी चालली आहेत. या झग्याचे एक दुखणे दर वर्षी कानावर येते. माप घेतले ऑक्टोबरात, लग्न जानेवारीत. मधल्या काळात अंग बदलते आणि झगा बसत नाही. कधी फोटो पाहून मागवलेला झगा परक्या मापाचा निघतो. कधी मोठ्या बहिणीचा झगा धाकटीच्या खांद्यावरून घसरतो. कधी पाठीची चेन अर्ध्यावर अडते. वरवर पाहता ही शिंप्याची गोष्ट आहे, धर्मगुरूने त्यात काय बोलावे? पण या झग्यापायी घराघरांत जे घडते ते पाहिल्यावर गप्प बसवत नाही.

काही मुली चेन वर यावी म्हणून महिनाभर अर्धपोटी राहतात. लग्नाच्या सकाळी पोटात अन्नाचा कण नसतो. ज्या दिवशी आनंदाने मेजवानीला बसायचे, त्या दिवशी मुलगी श्वास रोखून वेदीसमोर उभी राहते. त्यात घरचेच कोणीतरी तिच्या अंगावरून बोलून जाते. ते शब्द लग्नाचा अल्बम जुना झाला तरी तिच्या मनातून जात नाहीत. शब्बाथाविषयी प्रभू येशूने परुश्यांना जे समजावले, तेच इथे आपण स्वतःला विचारायला हवे : झगा मुलीसाठी आहे की मुलगी झग्यासाठी?

पवित्र सभेला विवाहासाठी काय हवे असते ते एकदा नीट लक्षात घ्या. वर आणि वधू यांची मोकळ्या मनाने दिलेली संमती विवाह घडवते (चर्चचा कायदा, कलम १०५७). ती संमती अधिकृत धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर द्यायची असते (कलम ११०८). पोशाखाच्या रंगाविषयी वा कापडाविषयी तिथे एक शब्दही नाही. पांढऱ्या झग्याचा थाट तरी किती जुना? इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० रोजी पांढरे सॅटिन आणि लेस लेवून लग्नाला उभी राहिली, त्यानंतर ही पद्धत युरोपात आणि पुढे जगभर पसरली. त्याआधी तिकडच्या नवऱ्या आपल्याकडे असलेला सर्वांत चांगला पोशाख घालत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. आणि आपल्याकडच्या लुगडे नेसणाऱ्या आजीला तर मापाचा प्रश्नच नव्हता. लुगडे नेसणारीच्या अंगाने बसते. बाई जाड झाली, बारीक झाली, तरी तेच लुगडे चालते. शिवलेल्या कपड्याचे तसे नसते. तो एका दिवसाच्या मापावर बेतलेला असतो.

यासाठी जाणते शिंपी एक खबरदारी घेतात. ते शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात. बाहेरून ते दिसत नाही, पण पुढे अंग भरले तर टाके उसवून तेवढा कपडा सैल करता येतो. या जास्तीच्या कापडाला आपल्या मराठीत सुंदर शब्द आहे : माया. ‘शिवणीत माया ठेवली आहे ना?’ असे आपल्या आया शिंप्याला विचारत आल्या आहेत. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत माया म्हणजे भास, खरे झाकणारा पडदा. घरात माया म्हणजे जिव्हाळा. आणि शिंप्याच्या मशीनपाशी माया म्हणजे उद्याच्या माणसासाठी आज राखून ठेवलेली जागा. मला वाटते, हा तिसरा अर्थ दुसऱ्या अर्थाचा उत्तम खुलासा आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे तो उद्या बदलणार, हे ओळखून आपल्यात त्याच्यासाठी जागा ठेवणे म्हणजे माया.

झगा घट्ट करणे सोपे असते; टीप आत घेतली की झाले. सैल करणे मात्र मायेवर अवलंबून असते. माया असेल तेवढाच कपडा मोकळा होतो. एकाच बाजूची शिवण उसवली तर झगा तिरका बसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखे सोडावे लागते. सॅटिनचे कापड असेल तर जुन्या टाक्यांची बारीक भोके दिसत राहतात, ती पूर्णपणे बुजत नाहीत.

आपल्याच भागातल्या एका घरची गोष्ट मला तिथल्या आईने सांगितली. लग्नाला पाच दिवस राहिले आणि मुलीच्या झग्याची चेन चार बोटे अपुरी पडली. नवा झगा घेण्याइतका पैसा नव्हता. हॉल आणि जेवणासाठी पतपेढीचे कर्ज आधीच काढलेले होते. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एका बाई राहत. त्यांनी झगा उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘बाय, शिवणाऱ्याने मायाच ठेवली नाही. दोन्ही बगलांत पट्ट्या घालाव्या लागतील. पांढरे कापड आहे का घरात?’’ आईने ट्रंक उघडली. तिच्यात याच मुलीच्या बाप्तिस्म्याचा लांब पांढरा झगा जपून ठेवला होता. आईचा हात थबकला. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘‘आई, तो माझाच आहे ना? मग काप.’’ त्या कापडाच्या दोन पट्ट्या काखेपासून कमरेपर्यंत बसल्या. वर्षांनी रंग किंचित पिवळसर पडला होता, तो हात वर केला की दिसे. त्या दिवशी मुलगी पोटभर जेवली आणि नाचलीही.

इथे आपल्याला दाखल्यातल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पांढरे वस्त्र दिले जाते. संत पौल गलतीकरांना लिहितो की, ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्तालाच परिधान केले आहे. ते वस्त्र आपण विकत घेतलेले नसते, ते यजमानाने दिलेले असते. म्हणून रस्त्यावरून आलेल्या गरिबालाही ते मिळते. दाखल्यातल्या माणसाला राजाने कारण विचारले तेव्हा तो निरुत्तर झाला. ‘मला परवडले नाही’ असे तो म्हणू शकला नाही. ते वस्त्र कोणते? संत ऑगस्टीन आणि पोप संत ग्रेगरी महान या दोघांनीही आपल्या प्रवचनांत सांगितले आहे की, लग्नाचे वस्त्र म्हणजे प्रीती. ग्रेगरी तर मागाचा दाखला देतात. कापड जसे मागाच्या वरच्या आणि खालच्या तुळईमध्ये विणले जाते, तशी ही प्रीती देवावरचे प्रेम आणि शेजाऱ्यावरचे प्रेम यांच्यामध्ये विणली जाते. राजाने पाहुण्याच्या कमरेचे माप पाहिले नाही, त्याच्या अंगावर प्रीती आहे का एवढेच पाहिले.

पण बाळपणीचे वस्त्र मोठेपणी कसे पुरणार? शमुवेलाची आई हन्ना हिची आठवण करा. तिने आपला मुलगा देवाच्या सेवेला मंदिरात ठेवला आणि दर वर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे (१ शमुवेल २:१९). दर वर्षी नवा, कारण मुलगा वाढत होता. वर्षभर नजरेआड असलेल्या मुलाची वाढ मनात धरून ती कापड बेतत असेल. हिलाच मी माया म्हणतो. बाप्तिस्म्यात मिळालेली प्रीतीही अशीच दर वर्षी वाढवावी लागते, नाहीतर ती ट्रंकेत पडून राहते.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी काही जोडपी धर्मगुरूंकडे येतात आणि म्हणतात, ‘‘फादर, आमचे जमत नाही.’’ त्यांचे ऐकल्यावर पुष्कळदा लक्षात येते की, दोघांनीही एकमेकांचे माप एकाच दिवशी घेतले होते आणि तेच धरून ते बसले आहेत. साखरपुड्यातला हसरा मुलगा आज रात्रपाळी करून पहाटेच्या लोकलने दमून परततो. बोलकी मुलगी बाळंतपणानंतर गप्प झाली आहे. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. माणूस बदलले आणि शिवणीत माया नव्हती. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात, असे जे वचन आपण वेदीसमोर देतो ते उद्याच्या, अजून न पाहिलेल्या माणसालाही दिलेले असते. संत पौल आजच्या दुसऱ्या वाचनात सांगतो की, तो विपुलतेत राहायला शिकला आणि तुटवड्यातही राहायला शिकला. तो ‘शिकलो’ म्हणतो. म्हणजे हे कोणाला जन्मतः येत नाही.

तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलने न्यायाविषयी लिहिताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी ताठ नसे. दगडाला जसा उंचवटा असेल तशी वळे आणि तरी माप देई. घरातही मोजमाप हवे, नियम हवेत. पण ते माणसाचा आकार पाहून वळणारे असावेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन्ही शिवणी सारख्या उसवाव्या लागतात हे विसरू नका. दर वेळी सुनेनेच सैल व्हायचे, बायकोनेच सोसायचे, हा मायेचा अर्थ नाही. आणि जिथे मारहाण आहे, जिवाला वा मनाला गंभीर धोका आहे, तिथे ‘जुळवून घे’ असा सल्ला देऊन मुलीला परत पाठवू नका. अशा वेळी वेगळे राहण्याची मुभा चर्चचा कायदाच देतो (कलम ११५३). आईवडिलांनो, अशा मुलीसाठी घराचे दार उघडे ठेवा.

काही पोशाख असेही असतात की जे सैल करून चालत नाही, उतरवूनच ठेवावे लागतात. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाच्या अंगावर शौल राजाने आपले चिलखत चढवले. दावीदाने चालून पाहिले आणि ते काढून ठेवले. त्याची सवय गोफणीची होती. शेजारच्या लग्नात इतकी माणसे जेवली म्हणून आपल्याकडे तितकी हवीत, त्यांचा झगा तसा म्हणून आपलाही तसाच, हे दुसऱ्याचे चिलखत आहे. ते घालून चालता येत नाही, आणि हप्ते मात्र नवदांपत्य कित्येक वर्षे फेडत राहते.

तेव्हा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना माझी विनंती आहे. झगा शिवताना शिवणीत माया ठेवायला सांगा. ट्रायलला उंच टाचेच्या त्याच चपला घालून जा, म्हणजे खालचा काठ बरोबर बसेल. आणि तरीही झगा बसला नाही तर मुलीला उपाशी ठेवू नका. कापडाला हात लावा, मुलीला नको. ज्यांच्या कपाटात एकदाच घातलेला झगा पडून आहे त्यांनी तो गरजू मुलीला द्यावा. बेतून घेण्याची मोकळीकही सोबत द्यावी. आणि ज्यांच्या लग्नाला दहा, वीस, चाळीस वर्षे झाली त्यांनी या आठवड्यात एका संध्याकाळी जोडीदाराला शांतपणे विचारावे, ‘‘माझे कुठे घट्ट होते तुला?’’ उत्तर आले की लगेच बचाव करू नका. आधी ऐका. जुन्या टाक्यांची भोके दिसतील, त्यांची लाज बाळगू नका. जिथे कपडा माणसासाठी मोकळा केला गेला, तिथेच ती असतात.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, बाप्तिस्म्याच्या दिवशी तू आम्हांला तुझ्या प्रीतीचे वस्त्र दिलेस. आमच्या घरांत एकमेकांसाठी जागा राहू दे. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुला-मुलींना आनंद आणि धीर दे, आणि तुझ्या मेजवानीला आम्हां सर्वांना प्रीतीने झाकलेले असे येऊ दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू