समक्ष पाहिलें

तीन वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाची नवी इमारत पुरी झाली, तेव्हां इमारत-समितीचे एक सभासद या नात्यानें आमच्यापुढें कांहीं कागद सहीसाठीं आले. त्यांतील एकावर आग विझविण्याच्या नळांची मजलेवार यादी होती, प्रत्येक नळापुढें बरोबरची खूण होती, आणि खालीं छापलें होतें : "वरील सर्व व्यवस्था चालू स्थितींत समक्ष पाहिली." आम्हीं सही केली. पाहिलें मात्र कांहींच नव्हतें. तासाची घंटा झाली होती, ठेकेदाराचा माणूस मोठा अदबशीर होता, आणि आमच्या अगोदर दोन जाणत्या गृहस्थांच्या सह्या झालेल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यांत एका शिपायानें तिसऱ्या मजल्याची पडवी धुण्यासाठीं तेथला नळ सोडला, तों थोडी हवा व तांबूस गंज यांखेरीज त्यांतून कांहीं निघालें नाहीं. तळमजल्यावरची मुख्य झडप बांधकामाच्या दिवसांपासून बंद होती. आग लागली नव्हती. कोणाचें केंसभरहि नुकसान झालें नाहीं. तरी त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाहीं : नळ कोरडा निघाला नसता, तर आमची सही खरी ठरली असती काय ?

इमारत किंवा कारखाना बांधून होणें ही एक गोष्ट, आणि तो चालूं लागणें ही दुसरी. पंप, वीज, लिफ्ट, हवा खेळविणारे पंखे, धोक्याची घंटा यांतील प्रत्येक वस्तु सुटी ठीक असली तरी एकत्र आल्यावर त्या एकमेकींशीं भांडूं शकतात. म्हणून सर्व कांहीं पूर्ण भारानिशीं चालवून, मुद्दाम वीज तोडून, मुद्दाम धूर सोडून पाहावें, जें दिसेल तें मोजून टिपून ठेवावें, आणि मगच मालकाच्या हवालीं करावें, अशी इंजिनियर लोकांची रीत आहे. या टिपणाला बाहेरच्या जगांत फारशी प्रतिष्ठा नाहीं. कोनशिलेवर उद्‌घाटकाचें नांव कोरतात. पंप चालवून पाहाणाऱ्याचें कोणी कोरीत नाहीं.

क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. जहाज जुनें, त्याच्या मजबुतीविषयीं लोकांनीं शंका घेतलेली. पण आजवर इतक्या सफरी निभावल्या, तशी हीहि निभावेल, अशी त्यानें स्वतःची समजूत घातली आणि उतारूंसह तें सोडलें. जहाज बुडालें. त्याची श्रद्धा प्रामाणिक होती, तरी ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, असें क्लिफर्ड म्हणतो. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी त्याचा दोष रतिभर कमी झाला नसता. हा निबंध आम्ही वीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. त्या दिवशींचा तासहि, योगायोग असा कीं, त्याच वर्गाचा होता.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, हें सर्व ठीक. पण हजारों झडपा आणि मैलोगणती तारा असलेल्या इमारतींत एकटा मनुष्य पाहाणार तरी किती? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. विश्वासावांचून एक दिवस जग चालणार नाहीं. आमच्या नैयायिकांनीं तर शब्दाला प्रत्यक्षाच्या व अनुमानाच्या पंक्तीला बसवून प्रमाणच मानलें. परंतु त्यांची एक अट आहे. ज्याचा शब्द घ्यावयाचा तो आप्त पाहिजे. म्हणजे ती वस्तु त्यानें स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. ठेकेदाराच्या माणसानें नळ सोडून पाहिला होता कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. आणि काम पुरें ठरण्यावर ज्याचें बिल अवलंबून, त्याच्या इच्छेविषयीं शंकेस पुष्कळ जागा होती. तरी खरें पाहातां आमचा अपराध शब्दावर विसंबण्याचा नव्हताच. 'अमक्यानें सांगितलें, तें ऐकलें' असें लिहून सही केली असती, तर ती खरी साक्ष झाली असती. आम्हीं ऐकल्या गोष्टीला पाहिल्याचा पोषाख चढविला. त्यामुळें पुढें तो कागद वाचणाऱ्याच्या दृष्टीनें आम्ही आप्त झालों, आणि त्याला पुन्हा पाहाण्याचें कारण उरलें नाहीं. अगोदरच्या दोघांनींहि बहुधा असेंच केलें असावें. तिघांच्या तीन सह्या, आणि पाहाणारा डोळा एकहि नाहीं.

चेर्नोबिलची कथा सर्वश्रुत आहे, पण तिचा आरंभ सहसा फार उशिरां धरतात. बाहेरची वीज अकस्मात् गेली तर डिझेलचीं जनित्रें पूर्ण शक्तीनें चालूं लागेपर्यंत भट्टी थंड ठेवणारे पंप चालवावयाचे कसे, हा तेथला प्रश्न. थांबत जाणाऱ्या टर्बाइनचा उरलेला वेग तेवढ्या अवधीपुरता उपयोगीं पडेल, अशी योजना होती. १९८२ सालीं ती करून पाहिली, ती फसली. तरी १९८३ च्या डिसेंबरांत चौथी भट्टी चालू झाली. १९८४ व १९८५ सालीं पुन्हा केलेले प्रयत्नहि साधले नाहींत. आणि २५ एप्रिल १९८६ ची मध्यरात्र उलटल्यावर स्फोट झाला, तो हीच चाचणी चालली असतां. स्फोटाचें मूळ भट्टीच्या सदोष रचनेंत होतें. एकट्या चाचणीवर खापर फोडणें अन्यायाचें होईल. पण जें आधीं सिद्ध व्हावयाचें, तें दोन वर्षांहून अधिक काळ चालत्या भट्टीच्या मागें राहून गेलेल्या गृहपाठासारखें लोंबत होतें.

उलट बर्लिनच्या नव्या विमानतळाचें पाहा. उद्‌घाटन ३ जून २०१२ रोजीं ठरलेलें. ८ मे रोजीं, चार आठवडेहि उरले नसतां, तें रद्द झालें. आगीचा धूर ओढून घेणारी यंत्रणा व आपोआप चालणारीं दारें यांचा मेळ बसत नव्हता, आणि मंजुरीचा कागद मिळण्यासारखी स्थिति नव्हती. यंत्राच्या जागीं शेंकडों माणसें उभीं करण्याचा तोडगाहि निघाला. तो टिकला नाहीं. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं. मधल्या आठ वर्षांत जर्मन काटेकोरपणाची जगभर थट्टा झाली, आम्हीहि हंसलों. बांधणाऱ्यांची फजिती योग्यच होती. पण मंजुरी अडली, यांतच काटेकोरपणा जिवंत होता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

आमच्या नळाचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. झडप उघडली, आणि तोच कागद नव्यानें टाइप होऊन आला. या वेळीं आम्ही पाणी सोडून दाखवा म्हणून अडून बसलों. तीनदां दिवस ठरला, दोनदां मोडला. अखेर पंप सुरू झाला. दुसऱ्या मजल्यापर्यंत धार जोरदार आली, तिसऱ्यावर करंगळीएवढी. कागदावर 'होय' आणि 'नाहीं' एवढ्याच जागा होत्या. (ज्या परीक्षेंत सर्व मुलें उत्तीर्ण, तिच्याविषयीं परीक्षकाला संशय येतो, असल्या याद्यांविषयीं कोणाला येत नाहीं.) आम्हीं समासांत तारीख घालून लिहिलें : "तिसऱ्या मजल्यावर धार क्षीण. चौथा पाहिला नाहीं." समितीचे चिटणीस खट्टू झाले. "शेरा असला कीं कागद पुढें सरकत नाहीं, प्रोफेसरसाहेब. तोंडीं सांगितलें असतें तरी आम्हीं करून घेतलें असतें." ते लबाड नव्हेत, परत आलेल्या कागदाचा जाच त्यांना सोसावा लागतो, आम्हांला नाहीं. दुसरे दिवशीं समास कोरा असलेली एक स्वच्छ प्रत आली. ती सहीवांचून आमच्या खणांत आहे, आणि येत्या सोमवारीं ठेकेदाराचा माणूस पुन्हा येणार आहे.