उत्तरकालीन नाव आणि कृतीला मिळणारा न्याय

एखाद्या कलाकृतीला तिच्यानंतर जन्मलेल्या प्रकाराचे नाव देणे हा निव्वळ वर्गीकरणाचा व्यवहार नसतो. त्यात त्या कृतीविषयीच्या न्यायाचाही प्रश्न गुंतलेला असतो. चरणजीत सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो.

हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. एचएमव्हीने ती प्रकाशित केली. भैरवपासून बैरागीपर्यंत दहा राग आणि रोलँड कंपनीची तीन यंत्रे एवढी तिची सामग्री : स्वररचनेसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जातील आवर्तनांसाठी टीबी-३०३. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना आली आणि त्याच टीबी-३०३च्या ध्वनीभोवती ‘ॲसिड हाऊस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार आकाराला आला. सिंग यांची मुद्रिका २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुनर्प्रकाशित झाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना तिचा ध्वनी इतका परिचित वाटला की काहींना ती अलीकडची बनवाबनवी असावी असा संशय आला. संशय फिटताच सिंग ‘ॲसिड हाऊसचे जनक’ ठरले. संशय आणि गौरव ही दोन टोके दिसत असली, तरी दोहोंमागील गृहीतक एकच आहे : या ध्वनीचा अर्थ शिकागोत निश्चित झाला.

प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो, अशा आशयाचे प्रतिपादन बोर्हेस यांनी काफ्काविषयीच्या निबंधात १९५१ मध्ये केले होते. त्या अर्थाने शिकागोच्या संगीताने आपल्याला सिंग ऐकायला शिकवले, असे म्हणता येईल. परंतु पूर्वसूरी निर्माण होणे ही ग्रहणाच्या पातळीवरील घटना आहे. जनकत्व हा इतिहासाविषयीचा दावा आहे. सिंग यांच्या मुद्रिकेचा शिकागोतील कलावंतांवर प्रभाव पडल्याचा पुरावा नाही. म्हणजे या दाव्याने त्या कृष्णवर्णीय तरुणांच्या स्वतंत्र शोधावरही अन्याय होतो. यंत्राच्या कळा फिरवून ध्वनीच्या पोतालाच रचनेचा विषय करणे हे त्यांचे कर्तृत्व होते. सिंग यांच्याकडे खर्जातील आवर्तन रागाच्या चलनाला आधार देते. विषय राग हाच राहतो.

दुसरा अन्याय खुद्द सिंग यांच्यावर होतो. सीमोल्लंघनासाठी सीमा आधी असावी लागते. १९८२ मध्ये राग आणि डिस्को यांच्यात ती होती. ॲसिड हाऊसची सीमा कोणी आखलेलीच नव्हती. सिंग यांच्या कृतीने स्वतःला घातलेला प्रश्न वेगळा होता : ज्या यंत्रात लय जराही वाकत नाही, तेथे रागाचे काय उरते? टीबी-३०३मध्ये स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोय आहे, पण तिला मींडेची विलंबित मोकळीक नाही. तोडीचा अतिकोमल गंधार समान अंतरांच्या सप्तकात सापडत नाही. उलट, भूपालीसारख्या पाच शुद्ध स्वरांच्या रागाचे रूप आवर्तनातही बऱ्याच अंशी टिकते. म्हणजे ही कृती काही ठिकाणी साधते, काही ठिकाणी फसते. ‘जनक’ म्हटल्यावर हे तपासण्याची गरजच उरत नाही. कृतीला तिच्याच प्रश्नाच्या कसोटीवर अपयशी ठरण्याचाही अधिकार असतो. गौरव तो हिरावून घेतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. हे चुकीचे नाव मिळाले नसते, तर ही मुद्रिका कदाचित विस्मृतीतच राहिली असती, आणि २०१५ मध्ये निधन पावलेल्या सिंग यांना उतारवयातील कीर्ती लाभली नसती. हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्या नावामुळे कृती आपल्यापर्यंत पोचली, त्याच नावाने तिचे मूल्यमापन करण्याचे बंधन समीक्षेवर येत नाही. श्रोत्याने त्या नावाचे ऋण मान्य करावे. समीक्षकाने मात्र तोडीच्या गंधाराकडे परत जावे.