मुक्कामाची परवानगी

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. पाट्यांवरची लिपी बदलते. शेतातली कपाशी तीच राहते आणि बाजारात मराठीही ऐकू येत राहते. श्रीनगर ते कन्याकुमारी असा हा रस्ता असल्याने गाडीतच संसार मांडून देश पाहायला निघालेली जोडपी कधी ना कधी इथून जातात. गाडीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनेल. गावातला फ्लॅट भाड्याने दिलेला. नोकरी संपलेली, नाहीतर लॅपटॉपवर आलेली.

मला या जोडप्यांबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्या समाजात वीस वर्षांचे हप्ते फेडून झाले की आयुष्य मार्गी लागले असे मानतात, तिथे घराच्या भिंतींतून बाहेर पडायला धैर्य लागते. शिवाय एका खोलीपेक्षाही लहान जागेत रुसून जायलाही दुसरी खोली नसते. पाणी कोणी भरायचे, संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, हे रोज ठरवावे लागते. एरवी बायकोच्या अंगावर न बोलता पडणारी कामे इथे उघड्यावर येतात. संसाराचा एवढा प्रामाणिक हिशेब बंगल्यात होत नाही.

पण या जगण्यातला खरा प्रश्न दुपार कलली की येतो: आज गाडी कुठे उभी करायची? पेट्रोल पंप, ढाबा, देवळाचे आवार, कोणाचे तरी शेत. कोणीतरी ‘लावा इथंच’ म्हणावे लागते. रस्त्यावरचे सगळे स्वातंत्र्य रोज संध्याकाळी कोणाच्या तरी होकारावर उभे असते. प्रवासवर्णनांत ही बाब दोन ओळींत संपते. माझ्या मते विचार तिथूनच सुरू करायला हवा.

आदिलाबादला हा विचार नवा नाही. गुडीहतनूरहून उटनूरकडे वळले की इंद्रवेल्लीजवळ केसलापूर लागते. पौष अमावास्येला इथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड त्याआधी अनवाणी चालत गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूपर्यंत जातात, झारीत पाणी घेऊन परततात आणि केसलापूरच्या वडांखाली उतरतात. कुटुंबे छकड्यांतून येतात. चुली मांडण्याच्या जागा कुळाच्या शाखांप्रमाणे ठरलेल्या असतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा ‘भेटिंग’ विधी इथेच होतो. त्यानंतरच त्या पुरत्या मेस्राम होतात. म्हणजे जोडप्याचे नाते पक्के होते ते वाटचालीच्या शेवटी, मुक्कामावर, चारचौघांसमोर. वडाखालची ती जागा आपली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

याच मुलुखात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक फिरते जोडपे आले. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा 1909 मध्ये व्हिएन्नात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ. त्याची पत्नी बेटी बार्नार्डो इंग्रज. लग्न 1938 मधले. पुढच्याच वर्षी ती दोघे भारतात आली, युद्ध पेटले, आणि जर्मन पासपोर्टमुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. इंग्रजांनी त्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द घालून दिली. मग ती दोघे त्या हद्दीतच फिरली: आधी चेंचूंमध्ये, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींमध्ये, आणि शेवटी गोंडांमध्ये. मारलवाई या गोंड गावात गवताच्या छपराखाली त्यांनी बिऱ्हाड केले. हे गाव 2016 च्या जिल्हा-विभाजनानंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले.

ज्यांनी या दोघांना जागा दिली, त्यांनाच तेव्हा त्यांच्या रानातून हाकलले जात होते. राखीव जंगलाच्या नावाखाली वस्त्या उठत होत्या, कसलेली जमीन बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढत होती. त्याच अन्यायाविरुद्ध लढताना 1940 मध्ये गोंड नेते कुमुरम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात पडले होते. हायमेनडॉर्फने हे दुखणे निजाम सरकारपुढे मांडले. त्यानंतरच्या वर्षांत आदिवासींना मोठ्या प्रमाणावर जमिनीचे पट्टे मिळाले, 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. पाहुणचार असाही फेडता येतो.

बेटीला नवऱ्यामागून फिरणारी बायको समजू नये. दक्षिण आशियाविषयीच्या मानववंशशास्त्रीय लेखनाची सूची तिने तयार केली, आणि 1979 च्या आंध्रातील गोंडांवरच्या ग्रंथावर सहकारी म्हणून तिचे नाव आहे. पुढे अपातानींचा प्रदेश, नेपाळ, लंडन असे फिरूनही दोघे आदिलाबादला परत परत आली. 1987 मध्ये हैदराबादला तिचे निधन झाले आणि तिला मारलवाईत पुरले. 1995 मध्ये तो लंडनमध्ये गेल्यावर पुढे त्याच्या अस्थीही तिच्याशेजारी आल्या. दरवर्षी 11 जानेवारीला गावकरी तिथे जमतात. आजन्म फिरलेल्या दोघांना एका गावाने कायमचे आपले म्हटले, याहून मोठे यश मला प्रवासात दिसत नाही.

आता दुसरी जोडपी पाहू. बीडमधून दिवाळीच्या सुमाराला उसाच्या फडाकडे निघणारा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर, एक जण आजारी पडला तर खाडा दोघांच्या माथी. कोप अर्ध्या वर्षाची. फिरता संसार हाही आहे, पण त्याची निवड कोणी केलेली नाही. अमेरिकेतही 2008 च्या मंदीनंतर घर गमावलेले कितीतरी वृद्ध गाड्यांत राहून हंगामी मजुरीमागे फिरले. जेसिका ब्रूडर यांनी 2017 च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिले. गाडीतले घर पाहून त्यामागे हौस आहे की निरुपाय, हे ओळखता येत नाही.

आणि भटक्यांचे काय? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः शिक्का मारला, ते 1952 मध्ये कागदावर मुक्त झाले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हीच त्यांची वहिवाट होती. परक्या गावात सौर पॅनेलची गाडी थांबली तर मुले कौतुकाने जमतात, पालवाली बैलगाडी थांबली तर पोलीस पाटलाला निरोप जातो.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय अशी पार्क उभारायची कल्पना त्यात आहे. ती चांगलीच आहे. बायकांना रात्री निर्धास्तपणे वापरता येईल असे स्वच्छतागृह महामार्गावर मिळणे आजही कठीण आहे. माझा आग्रह एवढाच की ती जागा फक्त पर्यटकांची नसावी. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, महामार्गालगतच्या गायरानात, ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली असे तळ व्हावेत. तिथे पुण्याहून आलेल्या जोडप्याने शुल्क भरावे. कापूस वेचायला आलेल्या मजुरांना, मेंढपाळांना, पालवाल्यांना त्याच नळाचे पाणी फुकट मिळावे, आणि मुक्कामाची नोंद सगळ्यांची एकाच वहीत व्हावी.