दोराला काम हवं

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये किंवा हॉटेलात शिरल्या शिरल्या दिसणारं शिडाचं शोभेचं जहाज आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, टोकाला लाल झेंडे. असं एखादं जहाज पुढच्या वेळी जरा जवळून बघा. शिडं पुढच्या अंगाला फुगलेली असतात, म्हणजे वारा मागून येतोय. झेंडे मात्र मागे फडकत असतात, म्हणजे वारा समोरून येतोय. एका जहाजावर दोन वारे! दोरांची गतही तीच. काठीच्या शेंड्यापासून कठड्यापर्यंत ते छान ताणलेले असतात, पण त्यातला एकही दोर ना शीड वळवतो, ना काठी तोलून धरतो. जहाज भरलेलं दिसावं, एवढ्यासाठीच ते तिथे आहेत.

मला या वस्तूंचा राग नाही. भेट द्यायला त्या बऱ्या असतात. पण जुन्या जहाजांच्या प्रतिकृती घरी बसून घडवणाऱ्यांची वाट इथूनच वेगळी होते. सांगाडा, फळ्या, रंग हे सगळं उरकल्यावर दोरकाम येतं. त्याला हे लोक रिगिंग म्हणतात. अख्ख्या छंदातला हा सगळ्यात किचकट भाग, आणि मन सगळ्यात जास्त निवतं तेही इथेच. आता हे दोन्ही एकत्र कसं नांदतं? नेहमीचं उत्तर असं, की बारीक कामात हात गुंतले की डोकं शांत होतं. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तांदळातले खडे निवडतानाही हात गुंतलेलेच असतात, म्हणून त्यात कुणी मध्यरात्रीपर्यंत रमल्याचं ऐकिवात नाही. मला वाटतं, दोरकामात मन रमतं ते दोराला काम असतं म्हणून. कुठला दोर कुठून कुठे जायचा, कशासाठी जायचा, हे जहाजानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आपण ठरवायचं जवळजवळ काहीच नसतं. समजून घ्यायचं मात्र पुष्कळ असतं.

उदाहरणासाठी आपल्याच गावचं जहाज घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. (तिचे आराखडे इंग्लंडहून घेऊन येणारं ‘जावा’ हे जहाज 1812 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ब्राझीलजवळ निकालात काढलं, त्यामुळे ते नव्यानं पाठवावे लागले.) आज ती इंग्लंडात हार्टलपूलला, डोलकाठ्या-दोरांसह पुन्हा उभी केलेली, पाण्यावर तरंगताना बघायला मिळते. तोफांच्या मजल्यावर तिची लांबी सुमारे 150 फूट. 1:96 प्रमाणात तिचा सांगाडा 48 सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे लिहिण्याच्या टेबलावर मावतो.

तिला तीन डोलकाठ्या. वाऱ्यानं शिडं भरली की या काठ्यांवर जो जोर येतो, तो नुसत्या लाकडाला पेलणारा नसतो. म्हणून दोन्ही बाजूंना श्राउड नावाचे जाड दोर उतरतात, आणि पुढच्या अंगाला स्टे. हे दोर एकदा बांधले की हलवायचे नसतात. ते डांबरात मुरवलेले, काळपट. शिडं आणि ती टांगायच्या आडव्या काठ्या, म्हणजे यार्डं, ओढायचे दोर निराळे. ते सतत हलणारे, ताग किंवा अंबाडीसारख्या पिवळट-तपकिरी रंगाचे. प्रतिकृतीवर काळा आणि तपकिरी असे दोन रंगांचे दोर दिसतात ते यासाठी. शोभेच्या जहाजावर सगळा दोरा बहुधा एकाच रिळातला असतो.

आता स्टे नीट पाहा. मागच्या काठीचा स्टे मधल्या काठीकडे जातो. मधल्या काठीच्या वरच्या टप्प्याचा स्टे पुढच्या काठीवर येतो. पुढच्या काठीचे स्टे नाळेतून तिरप्या बाहेर आलेल्या बोस्प्रिटला बांधलेले. म्हणजे प्रत्येक काठी आपला भार पुढचीवर टाकते, आणि शेवटी सगळ्यांचं ओझं बोस्प्रिटवर येतं. मग बोस्प्रिटला वर उचलू न देणारं कुणी हवंच! त्यासाठी तिला नाळेशी दोराचे वेढे देऊन आवळतात आणि खालून बॉबस्टे नावाचा दोर ताणतात. हे न करता उत्साहाच्या भरात पुढचा स्टे आधी ओढला, तर टेबलावरच्या जहाजातही बोस्प्रिट हळूच वर उचलली जाते. आज बांधलेला दोर उद्या ढिला का झाला, हे मग कळत नाही. गाठ पक्की असते. चुकलेला असतो तो क्रम.

श्राउडांचंही तसंच. एकच दोर दुमडून त्याचा फासा काठीच्या माथ्यावर बसवायचा, दोन टोकं खाली आली की झाली एक जोडी. उजवीकडची सगळ्यात पुढची जोडी पहिली, मग डावीकडची, पुन्हा उजवी. अशानं काठी कुठल्याच बाजूला झुकत नाही आणि माथ्यावर फासे ओळीनं एकावर एक बसतात. खऱ्या जहाजावर खलाशी असंच करत. प्रतिकृतीवर करताना आपण त्यांची नक्कल करत नसतो. त्यांची जी अडचण होती तीच आपलीही असते, फक्त छोट्या मापात.

मापाचा एक चकवा आहे. डेव्हिड स्टीलचं 1794 सालचं किंवा डार्सी लीव्हरचं 1808 सालचं पुस्तक उघडलं, किंवा जेम्स लीजचं 1979 मधलं आजही हाताशी लागणारं पुस्तक घेतलं, तर दोर 8 इंची, 5 इंची असा दिलेला दिसतो. हे इंच दोराच्या घेराचे. 8 इंची दोराचा व्यास अडीच इंच भरतो, आणि 1:96 मध्ये तो पाऊण मिलिमीटरहूनही कमी येतो. ते आकडे व्यासाचे समजणाऱ्याचं जहाज नाड्यांनी जखडल्यासारखं दिसतं. कित्येक सुंदर सांगाडे या एका गैरसमजानं बिघडलेले असतात.

श्राउड उभे राहिले की रॅटलाइनची पाळी. खलाशांना वर चढायला श्राउडांवर ज्या आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या या. दोन दोऱ्यांमधलं अंतर तेरा-चौदा इंच, म्हणजे आपल्या मापात साडेतीन मिलिमीटर. मागे समांतर रेघा ओढलेला पुठ्ठा सरकवायचा, मेण लावून लव बसवलेला दोरा घ्यायचा आणि प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच मारायची. एनसीसीत शिकवतात तीच गाठ, फक्त इथे ती चिमट्याच्या टोकानं मारायची. कंटाळ्याचं काम कुठलं, असं विचारलं तर बहुतेक जण याच्याकडे बोट दाखवतात. पण गाठी आवळताना बाहेरचे श्राउड डोळ्यांसमोर आत ओढले जातात आणि सगळी शिडी कमरेत बारीक होऊ लागते, तेव्हा ध्यानात येतं की प्रत्येक गाठीत थोडा हिशेब आहे. दोरी श्राउडांच्या मधे किंचित ओघळलेली हवी. माणसाचं वजन पेलणारी दोरी तशीच असते. ताठ ओढलेली रॅटलाइन ही शिडी वाटत नाही, जाळी वाटते.

याला कुणी विरंगुळा म्हणायचं का? मी म्हणतो. घरात नाहीतर कचेरीत आपण जे करतो, त्यातलं बरंचसं कशासाठी चाललंय याचा धड पत्ता नसतो, आणि चुकलं तरी ते कळायला महिने जातात. इथे कारण बोटाएवढ्या अंतरावर असतं, आणि चूक तर आपली आपणच हजर होते.

मात्र मन निवतं म्हणून निवांतपणासाठीच हे काम घडलं, असं समजायचं कारण नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडात पकडून ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांनी, विशेषतः पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉसच्या तळावर, जेवणातल्या हाडांपासून जहाजं कोरली आणि बाजारात विकली. दोरांच्या जागी केस आणि रेशीम. कैद्यांत दर्यावर्दी पुष्कळ होते. आराखडा समोर नसलेल्या माणसाच्या हातून सांगाड्याचं प्रमाण हुकतं. कुठला दोर कुठे जातो, हे मात्र रोज तो ओढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी एकदम फ्रिगेटवर झडप घालू नये असं माझं मत. आपल्या कोकणातली एक-दोन काठ्यांची, तिकोनी शिडाची होडी घ्यावी. दोर मोजके, पण प्रत्येकाला काम चोख. आणि दोरा शक्यतो पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा पावसाळ्यात ओल धरून आखडतो आणि उन्हाळ्यात सैलावतो. तसं तर खऱ्या जहाजावरचे दोरही भिजले की आखडत, त्यामुळे हा दोष म्हणायचा की खरेपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सरते शेवटी हलणारे दोर. डेकवरच्या खुंट्यांना इंग्रजांच्या बोलीत बिलेइंग पिन म्हणतात. एकेका खुंटीवर इंग्रजी आठासारखे वेढे घालून दोर अडकवायचा आणि वरून वेटोळं टांगायचं. ज्या त्या दोराला ठरलेली खुंटी असे, कारण काळोख्या रात्री वादळात खलाशाला तो नुसत्या हातानं सापडायला हवा. छंदातली माणसं या खुंट्यांचा नकाशाच समोर ठेवून बसतात. मधले, आतले दोर आधी, बाहेरचे नंतर, आणि यार्ड फिरवणारे ब्रेस अगदी शेवटी, कारण ते यार्डाच्या टोकांपासून तिरके बाहेरून येतात आणि एकदा बांधले की हात आत घालायला वाट उरत नाही. म्हणून ब्रेस ओढायला घेण्याआधी सगळ्या खुंट्यांवरची वेटोळी एकदा तपासून घ्यावीत.