भिंतीला पाडलेलं भोक

हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की कारखान्यांची धुरांडी दिसू लागतात. या धुरांड्यांना कायदा लागू आहे. बॉयलरमधून गंधकाचा वायू किती सुटणार यावरून धुरांडं किती उंच हवं, याचं सूत्र ठरलेलं आहे. आसपासच्या वस्तीवर धूर उतरू नये, एवढ्यासाठी ते सारं गणित. पण त्याच कारखान्यांत जाणाऱ्यांचे डबे वानाडोंगरी-इसासनीकडच्या ज्या ओट्यांवर पहाटे भरले जातात, त्या ओट्यांवरचा धूर कुठं जातो, हे कोणी विचारत नाही. पुष्कळ घरांत तो कुठंच जात नाही. रांधणारीच्या छातीत जातो आणि उरलेला भिंतीवर तेलकट थर होऊन बसतो.

आमच्याकडे या आठवड्यात गॅसवर चिमणी बसवली. बसवायला आलेला मुलगा मोठा कामसू होता, पण त्याचं पहिलं वाक्य असं होतं, "काकू, भिंत कशाला फोडता जी? कोळशाचा फिल्टर लावून देतो, पाईपची गरजच नाही." त्याचा दोष नाही, बरेच लोक त्याला हेच सांगतात. नव्या टाइल्स, भाड्याचं घर, सोसायटीची परवानगी. काही घरांत तर पाईप वरच्या कपाटात नेऊन तिथंच सोडलेला मी पाहिलाय. बाहेरून सगळं झकपक दिसतं. कोळशाचा फिल्टर वास बराचसा शोषतो, जाळी तेल धरते, पण उष्णता आणि वाफ खोलीतच फिरत राहतात. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही बराचसा तिथंच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही.

गॅस आला म्हणजे धूर गेला, असं आपण धरून चाललो. चुलीच्या मानानं ते खरंच आहे. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसाच्या विकारातून हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा आजार सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही पुष्कळ आढळत होता, आणि बोट चुलीच्या धुराकडे जात होतं. त्यानंतर सुधारित चुली आल्या. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनंही 'नीरधूर' नावाची चूल तयार केली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघर गेले. पण आपल्या विदर्भातली फोडणी काही गॅसबरोबर बदलली नाही. कडकडीत तापलेलं तेल, त्यात भिवापुरी मिरची, सावजी रश्श्यासाठी काळं होईस्तोवर भाजलेलं खोबरं. जवसाचं तेल तर लवकरच धुरावतं. फार तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर बहुधा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१० मध्ये नोंदवून ठेवलंय. ठसका लागला की आपण हसतो, "झाली वाटतं फोडणी!" म्हणतो. त्या वेळी ओट्याशी उभी असलेली बाई दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं ते ओढून घेत असते.

आणि मे महिन्यातलं नागपूर! पारा पंचेचाळिसाच्या पुढे, हॉलमध्ये कूलर घरघरतोय, पण तो गारवा ओट्यापर्यंत पोचेस्तोवर संपलेला असतो. पंखा लावला तर ज्योत हलते, म्हणून तोही बंद. घरातली सगळ्यात तापलेली जागा आणि तिथंच उभं राहणं सगळ्यात जास्त. चिमणीला चैन म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांत एकदा वीस पोळ्या लाटून भाजाव्यात. माझ्या सासूबाईंच्या पिढीला निदान डोक्यावर कवेलू होते, त्यांच्या फटींतून धूर आपोआप निघून जायचा. स्लॅब पडला, फटी बुजल्या, घर पक्कं झालं. धुराची सोय मात्र कुणी नकाशात काढली नाही.

म्हणून मी भिंत फोडायलाच सांगितली. यंत्र कितीही दमदार असो, त्याचं सगळं मोल त्या सहा इंची भोकात आहे. पाईप मध्येच अरुंद करायचा नाही, जितकी वळणं कमी तितकी ओढ चांगली, यंत्र शेगडीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर, बाहेरच्या तोंडाला जाळी आणि झडप. एक गोष्ट तर हमखास विसरली जाते. आत हवा यायला वाट नसेल तर बाहेर काय जाणार? समोरच्या बाजूची खिडकी बोटभर तरी उघडी हवी. सगळी दारं-खिडक्या लावून लोक चिमणी चालवतात आणि मग ती ओढत नाही म्हणतात.

भोक कुठं पाडायचं, यावर मात्र बराच वेळ गेला. सगळ्यात जवळची भिंत सोयीची होती, पाईप सरळ निघाला असता, एकही वळण नको. पण त्या भिंतीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, शेजारच्या घरातली खिडकी आहे. तिथल्या आजींचा पलंग त्या खिडकीला लागून आहे आणि त्यांना दमा आहे. आपल्या घरातला धूर कुणाच्या अंथरुणावर सोडायचा नाही, हे कारखान्याला सांगणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, आपल्याला आपणच सांगायचं. मुलगा म्हणाला, "मागून काढलं तर दोन वळणं येतील, ओढ कमी होईल." खरं होतं ते. मग थोडं मोठं यंत्र घेतलं, पाईपचे आणि भिंत कापण्याचे पैसे वाढले, आणि पाईप मागच्या मोकळ्या बाजूला नेऊन गच्चीच्या वर काढला.