व्यायामाचा उपदेश आणि देहाचा दोष

ज्या विषयावर आम्हीं आज लिहिण्याचें योजिलें आहे, तो सभ्य कुटुंबांत मोठ्यानें बोलला जात नाहीं. वयांत येणाऱ्या मुलाची किंवा कर्त्या पुरुषाची छाती स्त्रीसारखी भरलेली दिसूं लागली, तर घरांत त्याबद्दल कोणी उघड विचारीत नाहीं. आई ऐन उन्हाळ्यांतहि सदऱ्याखालीं बंडी घालावयास सांगते, वडील दुसरीकडे पाहतात, आणि शाळेंतले सोबती मात्र जें बोलावयाचें तें बोलून टाकतात. या मौनांतून एकच वाक्य पुनःपुन्हां बाहेर पडतें: "व्यायाम कर, म्हणजे जाईल." हें वाक्य हितबुद्धीचें आहे, बोलणाराला त्याचा खर्च कांहींच नाहीं, आणि आपल्याकडे त्याला मोठी परंपराहि आहे. तें खरें आहे काय, एवढाच प्रश्न असता तर तो डॉक्टरांवर सोपवून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु या वाक्याच्या पोटांत दुसरें एक वाक्य दडलेलें असतें: "तूं व्यायाम केला नाहींस, म्हणून हें झालें." पहिलें वाक्य उपायाचें, दुसरें दोषारोपाचें. पहिल्यावरून दुसऱ्यावर मन इतक्या सहज घसरतें कीं मध्यें कांहीं पायरी होती हें ध्यानांतहि येत नाहीं. विचार करावयाचा तो त्या पायरीचा.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पुरुषाची छाती वाढलेली दिसते ती दोन निराळ्या प्रकारांनीं. एका प्रकारांत त्वचेखालीं नुसता मेद सांचलेला असतो. दुसऱ्यांत स्तनाग्राच्या मागें खरी स्तनग्रंथि वाढलेली असते; बोटांनीं चाचपून पाहिल्यास रबरासारखी चिवट चकती हाताला लागते, आणि पुष्कळदां ती दुखतेहि. कित्येकांच्या ठिकाणीं दोन्ही प्रकार एकत्र असतात. पहिल्या प्रकारांत आहार आटोक्यांत ठेवून नियमानें चालणें, पोहणें, जोर-बैठका काढणें यांनीं अंगावरचा मेद उतरला, तर छातीवरचाहि उतरतो. दुसऱ्यांत कितीहि जोर काढले तरी ग्रंथि विरघळत नाहीं. मेद ही शरीरानें उपासाच्या दिवसांसाठीं बांधून ठेवलेली शिदोरी आहे, श्रम पडले कीं ती सुटते. ग्रंथि ही शिदोरी नव्हे.

पहिल्या प्रकारांतहि एक गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांत रूढ आहे. जो अवयव राबवावा त्याच अवयवावरची चरबी झडते, असें त्यांना वाटतें. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत टेनिस खेळाडूंच्या दोन्ही हातांवरील चरबीची जाडी मोजली होती. वर्षानुवर्षें एकाच हातानें खेळून त्या हाताचे स्नायु भरलेले होते, पण त्यावरील चरबी दुसऱ्या हातापेक्षां पातळ झालेली नव्हती. शरीर मेद काढतें तें सर्व अंगांतून आणि आपल्या क्रमानें. आपण बोट दाखवूं तेथूनच तें काढीत नाहीं. छातीच्या जोरांनीं खालचा स्नायु पुष्ट होतो आणि छातीला कांहींशी घट्ट, रुंद आकृति येते, हा लाभ खोटा नाहीं. मात्र वर ग्रंथि असेल तर ती भरलेल्या स्नायूवर अधिकच उठून दिसण्याचा संभव असतो.

ही ग्रंथि येते कोठून? पुरुषाच्या देहांत स्त्रीत्वाचा अंतःस्राव, ज्याला ईस्ट्रोजेन म्हणतात, तो थोड्या प्रमाणांत नेहमींच असतो. त्याचा आणि पुरुषी अंतःस्रावाचा तोल ढळला कीं स्तनग्रंथि जागी होते. अर्ध्याहून अधिक नवजात बालकांची, मग तो मुलगा असो कीं मुलगी, छाती आईच्या रक्तांतून आलेल्या अंतःस्रावामुळें कांहीं दिवस फुगलेली असते. जुन्या सुइणी ती दाबून त्यांतलें दूध काढीत. त्यानें गळूं होतें म्हणून डॉक्टर तसें करूं नका असें बजावतात. पुढें तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ निम्म्या मुलांत ही वाढ थोडीबहुत दिसते, आणि बहुतेकांत सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आंत आपोआप ओसरते. निम्म्या वर्गाला जें होतें त्याबद्दल एखाददुसऱ्याच मुलाला चिडविलें जातें, याचें कारण इतकेंच कीं त्याचें चटकन दिसून येतें. उतारवयांत ती पुन्हां डोकें वर काढते. याखेरीज यकृताचे व मूत्रपिंडाचे आजार आहेत, स्पायरोनोलॅक्टोनसारखीं औषधें आहेत, वृषणांतील गांठी आहेत. बोस्टन येथें १९४२ सालीं हॅरी क्लाइनफेल्टर व त्यांचे सहकारी यांनीं अशी छाती असलेल्या नऊ पुरुषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा प्रकार ज्यांना असतो त्यांच्या पेशींत एक जास्तीचें एक्स गुणसूत्र असतें, हा उलगडा व्हावयास १९५९ साल उजाडावें लागलें. जन्मापूर्वींच देहाच्या कणाकणांत लिहिलेल्या त्या अक्षराला कोणता आखाडा पुसणार होता?

याहूनहि बोलकें उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचें आहे. जपानी छावण्यांतून १९४५ सालीं सुटलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांपैकीं अनेकांची छाती वाढलेली आढळली, आणि ती विशेषतः पोटभर अन्न मिळूं लागल्यानंतर. उपासमारीनें मंदावलेलें अंतःस्रावांचें चक्र पुन्हां फिरूं लागतांना जणूं दुसरें पौगंड आलें. हाडांचे सांपळे होऊन परतलेले हे शिपाई. त्यांच्यापैकीं कोणाला आळशी म्हणण्याची कोणाची छाती झाली असती?

आतां त्या पायरीकडे वळूं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, जो निसर्गतःच कुरूप आहे त्याला कोणी बोल लावीत नाहीं; पण व्यायामाच्या अभावीं व हयगयीनें ज्यानें शरीर बिघडविलें त्याला लोक बोल लावतात. जन्मांधाची कींव येते, मद्यपानानें दृष्टि घालविणाऱ्याची निंदा होते. जें हातांत होतें त्याचाच जाब विचारावा, हा त्याचा दंडक आम्हांस न्याय्य वाटतो. परंतु दंडक न्याय्य असला तरी पुराव्याचें काय? लग्नाच्या पंगतींत बसलेल्या काकांना पुतण्याच्या सदऱ्यावरून दिसतो तो केवळ उंचवटा. तो मेदाचा कीं ग्रंथीचा, हें हात लावल्यावांचून डॉक्टरांनाहि सांगतां येत नाहीं, आणि कधीं कधीं त्यांनाहि रक्त तपासावें लागतें. काका मात्र पानावरून न उठतां निकाल देऊन मोकळे होतात.

आपल्या चरकसंहितेंत या बाबतींत अधिक सूक्ष्म विवेक आहे असें आमचें मत आहे. सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच 'अष्टौनिन्दितीय'. लोकांत निंदेला कारण होणारीं आठ शरीरें त्यांत सांगितलीं आहेत: अति उंच, अति ठेंगणें, अति केसाळ, केशरहित, अति काळें, अति गोरें, अति स्थूल आणि अति कृश. पहिल्या सहांचा केवळ नामनिर्देश करून ग्रंथकार पुढें जातो. विस्तारानें विचार व चिकित्सा येते ती शेवटच्या दोहोंची. अति स्थूलाच्या वर्णनांत नितंब आणि उदर यांच्या जोडीला स्तनहि आले आहेत. स्थूलतेचीं कारणें सांगतांना अति आहार, व्यायामाचा अभाव, दिवसां झोंप यांच्याच रांगेंत बीजाचा स्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हेंहि कारण दिलें आहे. निंदा हा शब्द अध्यायाच्या नांवांत आहे खरा; पण ती लोकांची निंदा आहे. वैद्याचें काम कारणें वेंचण्याचें.

असें असतां आमच्या सुशिक्षित वर्गांत हा उपदेश इतका कठोर कां झाला? त्याचा एक धागा गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतील व्यायामाच्या चळवळींत सांपडतो. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें, ही कथा महाराष्ट्रांतल्या प्रत्येक मुलानें ऐकलेली असते. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें, औंधच्या पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कार घरोघर नेले, बडोद्यास व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड निघाले. परकी सत्तेखालीं दुबळे म्हणून हिणविल्या गेलेल्या समाजाला आपला कणा ताठ आहे हें दाखवावयाचें होतें. त्या चळवळीचा आम्हांस अभिमानच आहे. पण तिच्या मागोमाग एक समजूत चोरपावलांनीं आली: कमावलेलें शरीर हें शीलाचें प्रशस्तिपत्र, आणि बेडौल शरीर हा शीलावरचा डाग. आख्यायिका नेहमीं अशांच्याच होतात ज्यांचें शरीर त्यांचें ऐकतें. दोनशें जोर काढूनहि ज्याची छाती होती तशीच राहिली, त्याची गोष्ट कोण सांगणार?

शिवाय या विशिष्ट उंचवट्याचीच एवढी लाज कां? सुटलेलें पोट आपल्याकडे निमूट चालतें. क्वचित् तें भरभराटीचें लक्षणहि ठरतें. त्याच चरबीनें वीतभर वरची जागा घेतली कीं अब्रूचा प्रश्न होतो, कारण तेथें ती बाईची आठवण करून देते. सातव्या शतकांतील एजिनाचा पॉल नांवाचा ग्रीक वैद्य पुरुषाच्या स्तनांवर शस्त्रक्रिया सांगतो, तीहि बायकीपणाचा ठपका येतो म्हणून. 'बाई' ही शिवी ज्या मुलाला लागते, त्याला ती शिवी आहे हें कोणी तरी आधीं शिकविलेलें असतें; आणि तीच शिवी त्याच घरांतली त्याची बहीण ऐकत असते. या एका शब्दांत दोघांचाहि अपमान होतो, हें आमच्या वाचकांपैकीं किती मातापित्यांनीं लक्षांत घेतलें असेल?

यावर कोणी म्हणेल, "मेदाच्या प्रकारांत तरी दोष ज्याचा त्याचाच ना? मग त्याला व्यायाम सांगूं नये काय?" सांगावा, अवश्य सांगावा. परंतु उद्यां काय करतां येईल हा एक प्रश्न, आणि काल कोणाचें चुकलें हा दुसरा. आगीवर पाणी ओतावयास सांगतांना घरधन्यानेंच आग लावली असें कोणी गृहीत धरीत नाहीं. मेदाच्या प्रकारांतहि बीज आहे, बालपणीं दुसऱ्यांनीं वाढलेलें ताट आहे. आणि मेदाच्या पेशी पुरुषी अंतःस्रावाचें ईस्ट्रोजेनमध्यें रूपांतर करीत असल्यामुळें मेदांतून ग्रंथीहि उद्भवूं शकते, म्हणजे दोन्ही प्रकारांमधली भिंत वाटते तितकी पक्की नाहीं. हितकर सल्ला द्यावयास दोषाचा निवाडा मुळींच लागत नाहीं.

तो निवाडा नुसता अनावश्यक असता तरी आम्हीं इतकी पानें खर्चिलीं नसतीं. तो अपाय करतो. ज्याला ग्रंथि आहे असा मुलगा पहांटे उठून निष्ठेनें जोर काढतो. सहा महिन्यांनीं दंड भरतात, पोट आंत जातें, आणि ती चकती तेथेंच असते. त्याला सांगितलेल्या तर्काप्रमाणें निष्कर्ष एकच: आपलेंच कांहीं तरी कमी पडलें. मग तो जेवण तोडतो, पोहावयास जाणें सोडतो, वही छातीशीं धरून चालतो. कांहीं तरुण तालमींत मिळणाऱ्या ताकदीच्या इंजेक्शनांकडे वळतात. स्नायु फुगविणाऱ्या त्या कृत्रिम पुरुषी द्रव्यांपैकीं पुष्कळांचें देहांत ईस्ट्रोजेन बनतें, आणि जी छाती घालविण्यासाठीं तीं घेतलीं तीच त्यांच्यामुळें वाढते. पुरुष होण्याच्या औषधानें ज्याला बायकी म्हणतात तें पदरांत पडावें, ही थट्टा कोणा नाटककारालाहि सुचली नसती. आणि लाजेमुळें कोणी सदरा काढीतच नाहीं, तेव्हां एकाच बाजूला वाढणारी कठीण गांठ, स्तनाग्रांतून येणारा स्राव, किंवा वृषणांत लागलेला खडा हींहि झांकलींच राहतात. पुरुषाला स्तनाचा कर्करोग क्वचित् होतो, शंभर रुग्णांत सुमारें एक. पण तो होतो.

तेव्हां मुलाच्या बापानें काय करावें? पंगतींतल्या काकांना थांबवावें. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जावें आणि तपासणीच्या वेळीं त्याची इच्छा असेल तर बाहेर बसावें. वय चौदा असेल आणि इतर सर्व ठीक असेल, तर बहुधा थांबावयास सांगतील, आणि तें थांबणें दोघांनीं मिळून करावें. ग्रंथि नवी असतां कांहीं औषधांचा उपयोग होतो. वर्षभराहून जुनी होऊन तिच्यांत तंतु माजले म्हणजे औषधें फारशीं चालत नाहींत, मग स्तनाग्राच्या कडेनें छेद घेऊन ती काढतां येते. असली शस्त्रक्रिया हा नुसता छानछोकीचा खर्च, असें म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. वांकडे दांत तारेनें सरळ करून घेण्यास त्यांची हरकत नसते. व्यायाम मात्र या सर्वांत चालू ठेवावा, तो हृदयासाठीं, झोंपेसाठीं, आणि पाण्यांत सूर मारण्यांत जी मौज आहे तिच्यासाठीं. बंडी घालून पोहावयाचें असेल तर मुलानें बंडी घालून पोहावें, आणि ती कां घातली हें काठावरच्या कोणींहि विचारूं नये.